जरासा चेंज

मराठी माणसाला बदल नको असतो, चेंज हवा असतो. बदल म्हटलं की पोटात गोळा येतो. आता कुणीतरी आपल्या स्वभावाकडे, वजनाकडे नाहीतर दिवाणखान्यातल्या सोफ्याकडे बोट दाखवणार, अशी धास्ती वाटते. चेंजचं तसं नाही. तो महाबळेश्वरला मिळतो, दोन रात्री तीन दिवस, नाश्त्यासह. परत आल्यावर माणूस स्ट्रॉबेरी जॅमची बाटली वगळता जसाच्या तसा असतो आणि शेजाऱ्यांना सांगतो, "छान चेंज झाला." पूर्वी यालाच हवापालट म्हणत, पण त्यासाठी आधी आजारी पडावं लागे आणि डॉक्टरांनी तसं सांगावं लागे. चेंजला प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

चेंजचा खरा गुण असा की तो कुणी करत नाही, तो होतो. रविवारी जेवायला येतो म्हणालेली मंडळी शनिवारी रात्री साडेदहाला फोन करतात, "अहो वहिनी, आमचा जरा प्लॅन चेंज झालाय." झालाय! पाऊस पडावा, वीज जावी, तसा. कुणी केला, का केला, वहिनींनी दोन दिवस खपून मोड काढलेले, एकेक करून सोललेले डाळिंब्यांचे वाल आता कुणी गिळायचे, यातलं काहीही त्या वाक्यात येत नाही. हेच शुद्ध मराठीत सांगायचं तर "आम्ही बेत बदलला" असं म्हणावं लागतं आणि 'आम्ही' म्हटलं की गळ्याशी येतं. इंग्रजी शब्दांची आपल्याला एवढी ओढ का, याची विद्वान लोक मोठमोठी कारणं देतात. माझ्या मते त्यातलं निम्मं कारण हेच आहे. मराठी क्रियापद कर्ता मागतं, इंग्रजी शब्द त्याला दाराआड लपायला जागा देतो.

वालांचे मोड काढून झाले, आता नोटेची मोड पाहू. शंभराची मोड, सुट्टे, चिल्लर, खुर्दा, एवढे शब्द घरात असताना आपण "चेंज आहे का?" असं विचारतो आणि समोरचा "चेंज नाही" म्हणतो. गल्ल्यात नाण्यांचा खळखळाट चालू असतानाही नाही म्हणतो. एसटीच्या कंडक्टरने यावर एक शास्त्र उभं केलं होतं. तिकिटाच्या पाठीवर पेनाने '७' लिहून त्याभोवती गोल करायचा आणि म्हणायचं, "उतरताना घ्या." तिथून पुढे प्रवाशाला खिडकीबाहेरचा घाट दिसत नसे. त्याला तो सात दिसे. सराईत प्रवासी आपला थांबा यायच्या आधीच्या थांब्याला उठून उभे राहत आणि कंडक्टरच्या डोळ्याला डोळा भिडवून तिकीट उलटं धरत. नवखे सरळ उतरत आणि गाडी हलल्यावर त्यांना सात आठवत. आता भाजीवालीच्या पाटीलाही क्यूआर कोड चिकटला आहे. त्यामुळे हे सगळं नाट्य संपत आलंय आणि चेंज या शब्दाची एक मोठी नोकरी गेली आहे.

इंग्रजांकडे मात्र हा शब्द अजून ओव्हरटाइम करतो. सदरा बदलला तरी चेंज, आगगाडी बदलली तरी चेंज, खिशातली नाणीही चेंज. आणि त्यांच्या आजीबाई आवाज खाली आणून नुसतं 'द चेंज' म्हणाल्या, तर समजायचं की रजोनिवृत्तीविषयी चाललंय. पण चेंजचा सर्वांत अस्सल इंग्रजी अर्थ चर्चच्या मनोऱ्यात लटकतो. तिथे घंटा वाजवण्याची एक कला आहे, चेंज रिंगिंग. प्रत्येक घंटेच्या दोराला एक माणूस. सूर नाही, गाणं नाही. फक्त घंटांचा क्रम दर खेपेला बदलायचा आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सात घंटांचे असे ५०४० क्रम होतात आणि ते सगळे वाजवायला तीन तासांच्या आसपास वेळ लागतो. डोरोथी सेयर्स या बाईंनी १९३४ साली या घंटांभोवती एक रहस्यकादंबरी लिहिली. त्यात नवल नाही. शेजारी तीन तास घंटा वाजल्यावर कुणाच्या तरी मनात खुनाचे विचार यायचेच. पण मला त्यातली खरी गंमत शेवटी वाटते. सुरुवात करायची लहान घंटेपासून मोठीपर्यंतच्या सरळ क्रमाने, हजारो चेंज घडवायचे, घामाघूम व्हायचं आणि थांबायचं पुन्हा त्याच सरळ क्रमावर येऊन.

आमच्या सोसायटीत हे घंटांशिवाय चालतं. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशी तीन पदं, आणि ती घ्यायला तयार असलेली माणसंही तीनच. गणिताने सहा चेंज निघतात. सहाही होऊन गेले. सातव्या खेपेला पुन्हा पहिलीच यादी नोटीस बोर्डावर लागली आणि सभेत 'नव्या कमिटीचे अभिनंदन' असा ठराव एकमताने मंजूर झाला.

रेव्होल्यूशनची कथाही याच वळणाची. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली निघाला तेव्हा त्याच्या लॅटिन नावात हा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता ग्रहगोलांचं फिरणं, म्हणजे चक्कर मारून जिथल्या तिथे येणं. पुढे इंग्रजांनी १६८८ साली आपल्या राजाला, दुसऱ्या जेम्सला, घालवलं आणि त्याची मुलगी मेरी व जावई विल्यम यांना गादीवर बसवलं. सासऱ्याला उठवून जावयाला बसवण्याच्या या प्रकाराला त्यांनी 'ग्लोरिअस रेव्होल्यूशन', वैभवशाली क्रांती, असं नाव दिलं. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यात असं झालं तर त्याला 'वार्षिक सर्वसाधारण सभा' म्हणतात.

उलटण्या-फिरण्याच्या इंग्रजी शब्दांचं सर्वांत मोठं गोकुळ मात्र लॅटिनमधल्या 'व्हर्टेरे' या एका क्रियापदाच्या पोटी आलं आहे. व्हर्टेरे म्हणजे वळणं, वळवणं. नांगर बांधापर्यंत गेला की वळतो आणि नवी तास धरतो. त्या तासेला, त्या वळण्याला 'व्हर्सुस' म्हणत. कवितेची ओळही कागदाच्या बांधापर्यंत जाण्याआधीच वळते, म्हणून ती व्हर्स. मग याच घरातून रिव्हर्स निघाला, इन्व्हर्स निघाला, मन आपल्याकडे वळवते ती अ‍ॅडव्हर्टाइजमेंट निघाली आणि डोकं गरगरतं तो व्हर्टिगोही निघाला. वर्ष वळून येतं ती अ‍ॅनिव्हर्सरी आणि दोघांनी दोन दिशांना वळायचं तो डिव्होर्स, ही एकाच आज्याची नातवंडं. त्या दोघांच्या मधल्या काळात कॉन्व्हर्सेशन बंद पडून कॉन्ट्रोव्हर्सी सुरू होते, तीही घरातलीच. एवढं सुसूत्र कुटुंब आपल्या ओळखीत दुसरं नसेल. आणि परकं म्हणावं तर तसंही नाही. संस्कृतातला 'वृत्' हा धातू याच कुळातला. वर्तुळ, वर्तन, परिवर्तन, निवृत्ती ही आपल्या बाजूची भावंडं. कवितेचं वृत्त तिकडच्या व्हर्सचं चुलत भावंड लागतं, आणि पुस्तकाची आवृत्ती तिकडच्या व्हर्जनची. एकूण काय, हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी एकच बैलजोडी वळली आणि अजून वळतेच आहे.

आता रिव्हर्स. हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण त्याचं पालनपोषण आपल्या पार्किंगमध्ये झालं. इंग्लंडात माणूस गाडी रिव्हर्स करतो. आपल्याकडे माणूस रिव्हर्स 'घेतो' आणि तो घ्यायला चारजण 'देतात'. गाडीचा मागचा दिवा पेटला, त्यातून कुठल्यातरी जुन्या सिनेमातल्या गाण्याची पिपाणी वाजू लागली की वॉचमन तंबाखू मळायचा थांबतो आणि गाडीच्या मागे येऊन उभा राहतो. मग सुरू होतं, "येऊ द्या. येऊ द्या. लेफ्ट मारा, अजून मारा, फुल्ल मारा. येऊ द्या, येऊ द्या." तुम्ही मान वळवून त्याच्याकडे तोंड केलेलं असल्याने त्याचं लेफ्ट हे तुमचं राइट असतं. हे त्याला माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत असतं. पण तो तुमचं लेफ्ट सांगतोय की स्वतःचं, हे दोघांनाही ठाऊक नसतं. दरम्यान इस्त्रीवाला, दुधाचा हिशेब करायला आलेला पोरगा आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतले काका यांनी आपापली लेफ्ट-राइट पुरवलेली असतात. "येऊ द्या, येऊ द्या," वॉचमनच्या आवाजात तसूभर फरक नसतो. मग मागून एक आवाज येतो. त्यानंतर वॉचमन म्हणतो, "बास!"

हल्ली गाड्यांना मागे कॅमेरा असतो, रंगीत रेघा असतात, अंतर मोजून टिकटिकणारा यंत्राचा आवाज असतो. तरी वॉचमन लागतोच. कॅमेऱ्यावर ओरडता येत नाही.

रिव्हर्सने मोठमोठी माणसं खड्ड्यात घातली आहेत. ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे स्टेडियम, विश्वचषकाचा उपांत्य सामना. इंग्लंडच्या ग्रॅहम गूचने मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री यांच्या फिरकीवर बसून बसून झाडू मारला, म्हणजे स्वीप. ११५ धावा काढल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. ज्यांनी तो दिवस टीव्हीसमोर काढला त्यांच्या घरी त्यानंतर बरेच दिवस केर काढायचा विषय निघाला तरी वातावरण तंग होत असे. पुढे तीनच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर अंतिम सामना. इंग्लंडचं छान चाललं होतं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार अ‍ॅलन बॉर्डर स्वतः चेंडू टाकायला आला आणि इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग याने त्याच्या पहिल्याच चेंडूवर रिव्हर्स स्वीप मारायला घेतला. चेंडू बॅटला लागून वर उडाला, यष्टिरक्षकाने झेलला आणि इंग्लंड सात धावांनी सामना हरलं. स्वीपने आपण गेलो, रिव्हर्स स्वीपने ते गेले. इतका चोख न्याय कोर्टातही मिळत नाही. आता शाळकरी पोरंही हा फटका सर्रास मारतात आणि समालोचक त्याला 'कल्पक' म्हणतात. गॅटिंगचं दुर्दैव एवढंच की तो हे काम फार लवकर करून बसला.

रिव्हर्स स्विंगचं नशीब याच्याही पुढचं. जुना चेंडू चकाकत्या बाजूकडे, म्हणजे रिवाजाच्या उलट वळतो, तो हा प्रकार. १९९२ साली पाकिस्तानी गोलंदाजांनी इंग्लंडमध्ये तो टाकला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना चेंडू कुरतडल्याचा वास आला. २००५च्या अ‍ॅशेस मालिकेत इंग्रज गोलंदाजांनी तोच टाकला तेव्हा ती कला झाली. चेंडूपेक्षा मतच जास्त स्विंग झालं म्हणायचं.

रिटर्न या शब्दावर मुंबईकराचा वंशपरंपरागत हक्क आहे. खिडकीशी वाकून "एक ठाणा रिटर्न" म्हणणं हा एक भाग. ते सगळेच म्हणतात. पण संध्याकाळी बसायला जागा मिळावी म्हणून मधल्या स्टेशनातला माणूस आधी उलट्या दिशेच्या गाडीत चढतो, टोकापर्यंत जातो आणि तीच गाडी परत निघाली की बसल्या जागेवरून घरी येतो. याला 'रिटर्न मारणे' म्हणतात. टोकाच्या स्टेशनात प्रामाणिकपणे रांग लावून उभ्या असलेल्या माणसाला डबा समोर येतो तेव्हा आत खिडकीशी एक इसम डोळे मिटून बसलेला दिसतो. तो झोपलेला नसतो. ते डोळे टीका टाळण्यासाठी मिटलेले असतात. घरी लवकर पोचण्यासाठी घरापासून लांब जाणारा हा प्रवासी कुठल्या तत्त्वज्ञानात बसवायचा, ते मला ठरवता आलेलं नाही.

सरकारी रिटर्न मात्र कधीच परत येत नाही. इन्कम टॅक्सचा रिटर्न भरला की पैसे आपल्याकडून जातात. निवडणुकीतला रिटर्निंग ऑफिसर तर अनामत रक्कम परत न करण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. विधानसभेला दहा हजार भरायचे, वैध मतांपैकी एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की विसरून जायचं. इंग्लंडात फार पूर्वी राजाकडून निवडणुकीचा हुकूम शेरीफकडे यायचा आणि तो त्यावर निवडून आलेल्याचं नाव लिहून परत पाठवायचा. त्या परत पाठवण्यावरून हे नाव पडलं. म्हणजे परत जातो तो कागद, माणूस आणि पैसे यांचा त्याच्याशी संबंध नाही. एके काळी आपल्याकडे डॉक्टरांच्या पाटीवर नावापुढे 'इंग्लंड रिटर्न्ड' असं लिहीत. कुठून आले ते लिहीत, का आले ते लिहीत नसत. पेशंटही विचारत नसत.

ऑफिसात या सगळ्यांवर ताण करणारा शब्द म्हणजे रिव्हर्ट. इंग्रजांच्या कायद्यात जमीन मुदत संपल्यावर मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते. साध्या बोलण्यात माणूस जुन्या सवयीकडे रिव्हर्ट होतो. आपण त्याचा अर्थ 'उत्तर द्या' असा केला. "प्लीज रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट," असं भारतातून पत्र गेलं की तिकडचा साहेब विचारात पडतो, मी नेमकं कशाकडे परत जावं अशी यांची इच्छा आहे? सिगारेटकडे? यावर आपल्याकडचे इंग्रजीचे मास्तर कपाळाला हात लावतात. मी मात्र आपल्या लोकांच्या बाजूने आहे. आपल्या ऑफिसातून तीन आठवड्यांनी 'रिव्हर्ट' येतो तेव्हा फाइल खरोखरच मूळ स्थितीत परत आलेली असते. शेरा एवढाच असतो, "कृपया पुन्हा सादर करावे." इंग्रजांचा अर्थ आपण किती इमानाने पाळतो, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, एवढंच.

या देवघेवीत आपणही इंग्रजीला काही दिलं आहे. प्रीपोन दिला, हे सर्वांना माहीत असतं. बदली दिली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा इंग्रजीत उघडून पाहा, त्यात 'बदली वर्कमन' बसलेला आहे, व्याख्येसकट. हजेरीपटावर नाव एकाचं, त्याच्या जागी काम करणारा दुसरा, तो बदली. गिरणगावात हा माणूस रोज भोंग्याच्या आधी गेटवर उभा राहायचा. कुणी खाडा केला तर आत, नाहीतर घरी. सलग एक वर्ष सेवा भरली की त्याला बदली समजू नये, असंही तो कायदा म्हणत असे. पण वर्ष सलग भरू द्यायचं की नाही ते गेटच्या आतल्या माणसाच्या हातात असायचं. कित्येकांची अर्धी हयात बदलीत गेली. लालबाग-परळमध्ये या प्रकाराला कुणी चेंज म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

सरकारी नोकरीतली बदली ही वेगळी चीज. तिच्यासाठी महाराष्ट्रात २००५चा कायदाच आहे. एका जागी साधारण तीन वर्षं, मग बदली. कायदा झाला की त्याला बगल द्यायची वाट आलीच. बदली होते, ती थांबते, स्टे मिळतो, स्टे उठतो, मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, तारीख पडते, बदलीत अंशतः बदल होतो. 'अंशतः बदल' म्हणजे नाव तेच, गाव दुसरं. आमच्या ओळखीच्या एका भाऊसाहेबांची अशीच एका पावसाळ्यात बदली झाली. कार्यालयाने निरोप समारंभ ठेवला. कापडी फलक, पेढे, शाल, श्रीफळ, आणि सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी भाषणात भाऊसाहेबांची उणीव भासेल असं सांगितलं. शिपाई खरोखर रडला; त्याचे तीनशे रुपये भाऊसाहेबांकडे होते.

सोमवारी भाऊसाहेब आपल्या टेबलावर. बदली रद्द झाली होती.

"मग भाऊसाहेब, घड्याळाचं काय करायचं?" हेडक्लार्कने विचारलं.

"राहू द्या की. लावलंय घरी. दहा मिनिटं पुढे जातं."

दिवाळीनंतर पुन्हा बदली झाली. पुन्हा समारंभ, या वेळी वर्गणी थोडी कमी. पुन्हा रद्द. उन्हाळ्यात तिसरा आदेश निघाला तेव्हा स्टाफने आधी दोन दिवस वाट पाहिली, मग कपाटातून जुना फलक काढला आणि तारखेवर पांढरा कागद चिकटवून नवी तारीख लिहिली. पेढ्यांऐवजी वडापाव आला. साहेबांनी तेच भाषण केलं, पण उणीव भासेल हे वाक्य गाळलं. सत्काराची वेळ आली तशी हेडक्लार्क इकडेतिकडे पाहू लागले. शाल आणायची राहिली होती.

भाऊसाहेब शांतपणे वाकले आणि त्यांनी टेबलाखालची पिशवी वर काढली. शाल त्यांनी घरूनच आणली होती.